हिशोबात न बसलेलं पाणी

प्रिय मनू,

सप्रेम जय भीम. पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. मी बरी आहे, आई बरी आहे आणि आमचा नवरोबा, धम्मपाल, नेहमीसारखाच आहे, म्हणजे चहाचा कप सिंकमध्ये ठेवतो आणि चेहरा मात्र भांडी घासल्यासारखा करतो. कुणाला काहीही झालेलं नाही. हाताने पत्र लिहायची आपल्या घरात कुणाला सवय नाही, मलाही नाही. पण मी व्हॉट्सॲपवर काही लिहिलं की तुझ्याकडून नुसता अंगठा येतो, आणि फोन केला की तुझा मिथुन उचलतो आणि म्हणतो, ताई, ती डबिंगला आहे. रोज जेवायच्या वेळेला कसलं गं डबिंग? तेव्हा म्हटलं, आता असं काहीतरी पाठवावं की ज्याला अंगठा देता येणार नाही. हे पत्र मुद्दाम तुझ्या अंधेरीच्या स्टुडिओच्या पत्त्यावर टाकतेय, बोरिवलीला घरी नाही. तसं का, ते पुढे कळेलच.

कागद ऑफिसचे आहेत. मागच्या बाजूला गोदावरीच्या खोऱ्याचे नकाशे छापलेत, कॉम्प्युटरवरच्या मॉडेलच्या फसलेल्या रनचे. त्यावर काही महत्त्वाचं आहे असं समजून जपून ठेवू नकोस. लिहितेय मुलुंडच्या डायलिसिस सेंटरमध्ये, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत. डावा हात मशीनला जोडलाय, उजवा मोकळा आहे. कागदाखाली लॅपटॉप ठेवलाय आणि तो घसरतोय, त्यामुळे अक्षर असं तिरकं येतंय. शाळेत तू माझ्या अक्षराची हुबेहूब नक्कल करायचीस आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सहीही ठोकायचीस ते आठवलं. आता तुलाही जमणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला तेव्हा घरात सगळ्यांत आधी सावरलीस ती तू. धम्मपाल डॉक्टरांना तेच तेच प्रश्न विचारत होता, आई विहारात जाऊन बसली होती, आणि मी, तुझी शहाणी ताई, इंटरनेटवरचे इंग्रजी लेख वाचत होते. तू मात्र दुसऱ्या दिवशी एक काचेची बाटली घेऊन आलीस. डॉक्टरांनी मला दिवसाला जेवढं पाणी नेमून दिलं होतं तेवढं त्यात भरलंस आणि तुझ्या लाल नेलपेंटने बाटलीवर रेघा मारल्यास. ही सकाळची, ही दुपारची, ही संध्याकाळची, आणि ही शेवटची गोळ्यांसाठी, तिला हात लावायचा नाही. ती बाटली अजून वापरतेय. नेलपेंट थोडं उडालंय, पण रेघा दिसतात. तहान लागली की लवंग चघळायची हेही तूच कुठून कुठून विचारून आणलंस. खरं सांगू, ह्या दीड वर्षात मला औषधांनी जगवलं हे कबूल, पण सकाळी उठून बसावंसं वाटलं ते तुझ्यामुळे.

आणि माझं ते मॉडेल आठवतंय? त्यावरून तू अजून चारचौघांत माझी लाज काढतेस, काढ. मी पाण्यातली माणूस. नाशिकपासून राजमहेंद्रीपर्यंत अख्ख्या गोदावरीचा ताळमेळ घालते, तर एका बाईच्या पाण्याचा हिशोब किती अवघड असणार, असं मला वाटलं होतं. सेंटरमध्ये मशीनला लावायच्या आधी वजन करतात, नंतर करतात. मधल्या दिवसांत वाढलेलं वजन म्हणजे अंगात साठलेलं पाणी. मी काय प्यायले ते मला माहीत, म्हणजे उत्तर आधीच काढता येतं. पण दर खेपेला काटा माझ्यापेक्षा जास्त दाखवायचा. मी शौनकशी, त्या बिचाऱ्या टेक्निशियनशी, काट्यावरून भांडले. माझी ऑफिसची बॅग घरी तोलून आणून तिथे तोलली. काटा बरोबर होता. मग मी घामाचं गणित बदललं, पंख्याचं बदललं. तू त्या दिवशी आमच्याकडे जेवायला बसली होतीस. माझ्या ताटाकडे बघून म्हणालीस, "ताई, ही आमटी काय विटांची केलीय का? आणि हा दहीभात? तुझ्या मॉडेलमध्ये पेला आहे, ताट कुठाय? वाट लागली तुमच्या गोदावरीची." धम्मपालला हसून ठसका लागला. जे मोजून आत येतं तेवढंच आत आलं असं धरून चालायचं, ही चूक आमच्या धंद्यातली माणसंच करू जाणे. घरातल्या कुणाही बाईला कळलं असतं की आमटीत पाणी असतं.

त्यानंतर तू माझ्यासाठी डबा आणायला लागलीस. भाज्या चिरून, पोटॅशियम निघून जावं म्हणून दोनदा उकळून, पाणी फेकून दिलेल्या. त्या भाजीला चव म्हणून काही उरत नाही. अंधेरीत दुपारी तू स्टुडिओतून रिक्षाने आमच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात यायचीस आणि माझ्यासमोर बसून तीच भाजी खायचीस. मी म्हणायचे, तुला कुणी सांगितलंय, तू खाली जाऊन मिसळ खा. तर म्हणायचीस, झकास झालीय, उगाच बोलू नकोस. मनू, ती झकास नव्हती. दुधी भोपळा दोनदा उकळला की तो कुणाचाच राहत नाही. पण त्या डब्याची जी ऊब होती ती मला आयुष्यभर पुरेल.

आता थोडं ऑफिसचं, कारण तू नेहमी विचारायचीस आणि गेल्या काही दिवसांत विचारलं नाहीस. खोऱ्याचा अहवाल जवळजवळ पूर्ण झालाय. तुला मी सांगायचे तसं, आमचं काम ऐकायला मोठं आणि मुळात सोपं आहे. पाऊस पडतो. त्यातला काही वाफ होऊन जातो, काही नदीतून समुद्राला मिळतो, राहिलेला जमिनीत मुरतो. आलं किती, गेलं किती, राहिलं किती. बाकी सगळी आमची फुशारकी. अवघड एवढंच की आता त्यातलं काहीच जागेवर राहिलेलं नाही. पाऊस वर्षाचा बेरजेला तेवढाच दिसतो पण मोजक्या दिवसांत कोसळून मोकळा होतो, मधले आठवडे कोरडे जातात. ऊन वाढलंय, म्हणून वाफ जास्त. पंचवीस-तीस वर्षांनी ह्या खोऱ्यात पाणी कुठे असेल आणि कुठे नसेल, हे आम्ही सांगायचं. आणि आम्ही सांगू त्यावर कुणीतरी ठरवणार, कालवा कुठे काढायचा आणि टँकर कुठे पाठवायचे.

ह्या खोऱ्यात आपलं आजोळ येतं, हे मी ऑफिसात फारसं कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या स्क्रीनवर तो एक चौकोन आहे, परभणीच्या खालच्या अंगाला. आकड्यांत बघताना कधीतरी मध्येच मे महिना आठवतो. नदी आटलेली, नुसती वाळू, आणि आजी वाळूत हाताने झिरा खणायची. कोपरापर्यंत हात गेला की खाली ओल लागायची, मग थोड्या वेळाने पाणी पाझरायचं आणि आजी ते वाटीने हळूहळू हंड्यात भरायची. तू त्या पाण्यात पाय घालायला बघायचीस आणि तिच्या धपाट्याला मी मध्ये पडायचे. आई सांगते की तिच्या लहानपणी आपल्या लोकांनी झिरा कुठे खणायचा तेही गावाने ठरवलेलं होतं, सगळ्यांच्या खालच्या बाजूला. वर ज्यांचं भरून होईल त्यांचं झाल्यावर आपलं. मॉडेलमध्ये ह्याला रकाना नाही. मी एकदा देवव्रत सरांना हे सांगितलं, सहज, चहा पिताना. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, अस्मिता, म्हणूनच त्या चौकोनात घाई करू नकोस.

देवव्रत सर म्हणजे आमचे प्रमुख, तू त्यांना 'इस्त्रीवाले' म्हणतेस ते. त्यांचा एक नियम आहे आणि त्यावरून आमच्या ऑफिसात रोज भांडणं होतात. सगळं मोजून झालं की थोडं पाणी उरतंच, नाहीतर कमी पडतं. कधीच बरोबर जुळत नाही. बाकीच्या बऱ्याच ठिकाणी ते उरलेलं गुपचूप जमिनीखाली ढकलतात. भूजल हा आमच्या धंद्यातला गरीब नातेवाईक आहे, त्याच्यावर काहीही ढकला, तो उलटून बोलत नाही. सर म्हणतात, जे जुळलं नाही ते कुणाच्या नावावर टाकायचं नाही. त्याची वेगळी ओळ ठेवायची आणि समोर लिहायचं, माहीत नाही. मुकुल, माझ्या शेजारी बसतो तो, वैतागायचा. म्हणायचा, सर, 'माहीत नाही' लिहायला एवढे शिकलो का?

तर आपल्या आजोळच्या बाजूला तेच झालं. मॉडेलप्रमाणे नदीत जेवढं पाणी यायला हवं त्यापेक्षा कमी येत होतं. वर्षानुवर्षं. गेलं कुठे? मुकुल म्हणाला, मुरलं असेल, टाका जमिनीत. टाकलं असतं तर आमचा नकाशा निळाशार दिसला असता, इथे भूजल वाढतंय म्हणून, आणि कुणीतरी तिथले टँकर बंद केले असते. मी ते टाकलं नाही. वेगळ्या ओळीत ठेवलं. मग उपग्रहांची आकडेवारी आली. आकाशातून दोन उपग्रह एकामागून एक फिरतात आणि खालच्या प्रदेशाचं वजन महिन्यामहिन्याला किती बदललं ते सांगतात. तू ऐकून म्हणाली होतीस की म्हणजे गोदावरीलाही आता काट्यावर उभं करतात. तर त्या काट्याने सांगितलं की हा भाग जड होत नाहीये, हलका होतोय. मुरणं दूरच, होतं तेही उपसलं जातंय. शेवटी मुकुललाच सापडलं. आम्ही वापरत होतो तो पिकांचा नकाशा जुना होता. त्यात ज्वारी आणि कापूस होता, जमिनीवर केव्हाच ऊस आला होता, आणि उसाखाली बोअरवेल. पाणी पानापानांतून वाफ होऊन जात होतं. मुकुलने त्या दिवशी सगळ्यांना वडापाव खिलवला आणि सरांसमोर कान पकडले.

तरी सगळं जुळलं असं समजू नकोस. अजून थोडं उरतंच. अहवालात ती ओळ तशीच गेलीय, माझ्या नावाने. मी त्या ओळीची आभारी आहे, कारण तिने मला एक वेगळीच गोष्ट शिकवली. ती सांगण्यासाठीच तर हा सगळा पाल्हाळ.

आता आपलं. गेल्या गणपतीत डॉक्टर म्हणाले की घरातल्या कुणाची किडनी मिळाली तर उत्तम. धम्मपालला साखर, तो बाद. आईचं वय आणि ब्लड प्रेशर, तीही बाद. बाबा असते तर रांगेत पहिले उभे राहिले असते, पण ते नाहीत. आई नुसती तुझ्याकडे बघत राहिली. मीही खाली बघत होते, पण मनू, माझे कान तुझ्याकडेच होते. आणि तू भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणालीस, माझी घ्या ना, त्यात काय. इतक्या सहज म्हणालीस की आईने उठून तुझं कपाळ कुरवाळलं आणि धम्मपाल बाहेर जाऊन रडला. मग तपासण्या झाल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळत गेलं. प्रत्येक रिपोर्टला आई पेढे आणायची आणि मला खायची परवानगी नसल्याने तुम्ही सगळे खायचात. शेवटी डॉक्टरांनी तुला एकटीला आत बोलावलं. दाता जो असतो त्याला घरच्यांना बाहेर ठेवून एकट्याशी बोलतात, तशी पद्धत आहे. तू बाहेर आलीस, पाणी प्यायलीस आणि म्हणालीस की मला उशीर होतोय. दोन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की मनाली दाता म्हणून योग्य नाही. का, ते सांगितलं नाही. धम्मपालने दोनदा विचारलं, तर म्हणाले की ते दात्याचं खाजगी असतं.

तेव्हापासून तू आमच्याकडे कांजूरला आली नाहीस. वस्तू मात्र येतात. मिथुनच्या हाताने कोलमचे तांदूळ, कुरियरने मऊ चादर, पायाला लावायचं तेल, एक पंखा जो माझ्या खुर्चीला चिमट्याने लावता येतो. पंखा खरंच कामाचा आहे, आत्ताही चालू आहे. पण मनू, तुझ्याऐवजी येणाऱ्या त्या वस्तू बघून मला धाप लागायला लागली. आणि आई वेगळ्याच काळजीत पडली. तिला वाटतं की डॉक्टरांनी आपल्यापासून लपवलं, तुझ्याच किडनीत काहीतरी निघालंय. एक लेक अशी, आता दुसरीही, असं म्हणत ती पदर तोंडाला लावून बसते. तिने घाटकोपरच्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली, येत्या शनिवारची, तुला सगळ्या तपासण्या पुन्हा करायला घेऊन जायचं म्हणून. तुला फोन करून सांगणारच होती, मी थांबवलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर शकुताई असतात. घाटकोपरच्या, मूळच्या सावंतवाडीकडच्या, शाळेत लायब्ररियन होत्या. बोलायला एकदम फटकळ. त्यांना मी आईची काळजी सांगत होते की बहिणीला काय निघालं असेल कुणास ठाऊक. त्यांनी मासिक बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "अगो, काय्येक निघालेला नसतला. माझो दीर पण असोच 'अनफिट' झालो. आत एकट्याक इचारतत, आणि माणूस 'नाय' म्हणालो तर डॉक्टर घरच्यांक 'अनफिट' सांगतत. बरे डॉक्टर असे झाकतत." आणि परत मासिक वाचायला लागल्या. त्या दिवशी मशीनने माझं किती पाणी काढलं ते मला ठाऊक नाही.

मग मी काय केलं असेल? माझा धंदाच तो. तुझ्या 'नाही'चं कारण शोधायला बसले. आधी म्हटलं, तुला आणि मिथुनला मूल हवंय, बोरिवलीत उपचार चालू आहेत, म्हणून. ते कारण मला आवडलं, त्यात कुणाचा दोष नव्हता. मग म्हटलं, मिथुनची आई काही बोलली असेल. मग म्हटलं, बाबांनी मला इंजिनीअर केलं आणि तुझ्या वेळेला पैसे संपले, त्याचं कुठेतरी खुपत असेल. एकेक नाव घेऊन बघत होते, कुणाच्या तरी खात्यावर ते टाकलं की माझा जीव शांत होणार होता. आणि एकदम देवव्रत सरांचा चेहरा समोर आला, इस्त्रीसकट. मग थांबले. कदाचित ह्यातलं काहीच नसेल. कदाचित तू नुसती घाबरली असशील. घाबरणं हे काय लहान कारण आहे? कुणी मला सांगितलं असतं की तुझं अंग उघडून त्यातलं काहीतरी काढायचंय, दुसऱ्यासाठी, तर मीही घाबरले असते. तेव्हा माझ्यापुरतं ते मी वेगळ्या ओळीत ठेवलंय आणि समोर लिहिलंय, माहीत नाही. तू मला कारण सांगू नकोस. विचारणारही नाही.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. शनिवारची वेळ मी काल फोन करून रद्द केली. आईला सांगितलं की मी स्वतः डॉक्टरांना भेटले, मनू ठणठणीत आहे, फक्त आमच्या दोघींचं जमणारं नव्हतं, आणि ह्यापुढे तिला कुणी काही विचारलेलं मला चालणार नाही. आई माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, बरं. तिला किती कळलं ते तिलाच ठाऊक, तुला तर आई माहीत आहे. मिथुनला तू काय सांगितलंयस ते मला माहीत नाही, म्हणून पत्र घरी पाठवलं नाही. मरणोत्तर दानातून येणाऱ्या किडनीच्या प्रतीक्षायादीत मी माझं नाव घातलंय. वेळ लागेल. मशीन आहे, नोकरी आहे, धम्मपाल आहे, मी थांबू शकते. पण एक गोष्ट तुला कळायला हवी आणि ती दुसरं कुणी तुला सांगणार नाही. त्या खोलीत तू आमच्या भीतीने 'हो' म्हणाली असतीस ना, तर मी किडनी घेतली असती. तुला परत विचारलं नसतं, तुझ्या तोंडाकडे बघितलं नसतं, घेतली असती, कारण मला जगायची तेवढी हाव आहे. आणि मग जन्मभर तू माझी धाकटी बहीण राहिली नसतीस, आपण दोघी आणखी काहीतरी झालो असतो. आई बाहेर पेढे घेऊन बसलेली असताना तू एकटीने आत खरं बोललीस. ते फार कठीण काम होतं, मनू, आणि ते तू आपल्या दोघींसाठी केलंस. त्याबद्दल मी तुझी मनापासून आभारी आहे. तेव्हा आता ये. तू इतके दिवस कुठे होतीस असं आई विचारेल, त्याचं उत्तर मी देईन.

तुझीच, आणि फक्त तुझी बहीण,
अस्मिताताई